मोडक्या इंग्रजीची बाजू

कॉल संपला तरी आम्ही तिघं लाइनवर रेंगाळलो होतो. श्टुटगार्टजवळच्या ग्राहकाकडचा क्वालिटीवाला, ओसाकाचे खरेदी विभागाचे साहेब आणि चाकणच्या कॉन्फरन्स रूममध्ये मी. बैठक ज्यांनी चालवली ते बर्मिंगहॅमचे प्रोजेक्ट मॅनेजर "चीअर्स ऑल" म्हणून निघून गेले होते. त्यांची चौकट स्क्रीनवरून नाहीशी झाली आणि बाकीच्या चौकटी आपोआप मोठ्या झाल्या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग जर्मन क्वालिटीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या जड, तुकड्यातुकड्यांच्या इंग्रजीत विचारलं, "दुसऱ्या लॉटबद्दल ते हो म्हणाले की नाही म्हणाले?" ओसाकाचे साहेब हसले. त्यांना एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला कळलंय." मलाही तसंच वाटत होतं की त्या दोघांना कळलंय. मग मी टेबलावरचा फोर्जिंगचा नमुना उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, पेन्सिलीचं टोक भोकावर टेकवलं, जर्मनाने चॅटमध्ये आकडा लिहिला, साहेबांनी त्यापुढे तारीख लिहिली, आणि आधीच्या सबंध बैठकीत जे ठरलं नव्हतं ते चहा निवायच्या आत ठरलं.

हे मनातून जाईना. त्या कॉलवर इंग्रजी सगळ्यात चांगलं येणारा माणूस एकच होता, आणि कुणालाच कळला नाही तो नेमका तोच. माणूस अतिशय सज्जन. आवाज चढवत नाही, चाकणच्या पावसाची चौकशी करतो, गणपतीच्या सुट्ट्या लक्षात ठेवतो. पण बोलणं असं की दर वाक्याला एक वळण. "वी आर नॉट अ मिलियन माइल्स ऑफ" म्हणजे जवळपास जमलंय की अजून बरंच बाकी आहे? "आय वुडन्ट लूज स्लीप ओव्हर इट, बट..." आणि मग त्या 'बट'नंतर आवाज इतका खाली जातो की खरा मुद्दा तिथेच हरवतो. एकदा ते 'स्टिकी विकेट', म्हणजे अडचणीची परिस्थिती, म्हणाले तेव्हा मी मनातल्या मनात खूश झाले. क्रिकेटच्या कृपेने त्या दारातून मी एकटीच आत शिरले होते, जर्मन आणि जपानी बाहेर उभे. त्या खुशीची नंतर जरा लाजही वाटली. पण तिघांपैकी एकानेही त्यांना थांबवून 'कळलं नाही, परत सांगा' म्हटलं नव्हतं. ते गेल्यावर मात्र आम्ही एकमेकांना बिनदिक्कत विचारत होतो. धाराप्रवाह बोलणाऱ्यासमोर आपलं न कळणं हा आपला कमीपणा वाटतो. अडखळणाऱ्यासमोर तो दोघांचा सामायिक प्रश्न होतो.

ही गोष्ट माझ्या आधी कितीतरी जणांनी पाहिली आहे. आयबीएममध्ये मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या झां-पॉल नेरिएर या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं होतं की जपान-कोरियाकडची मंडळी त्यांच्या इंग्रज किंवा अमेरिकी सहकाऱ्यांपेक्षा त्यांच्याशी जास्त सहज बोलतात. त्यांनी या तुटपुंज्या, कामचलाऊ इंग्रजीला 'ग्लोबिश' असं नाव देऊन टाकलं आणि सुमारे १,५०० शब्दांत जगाचा व्यवहार चालतो असं सांगितलं. मला त्या आकड्याचं फारसं कौतुक नाही. शब्द मोजून भाषा सोपी होत नाही. 'गेट' आणि 'सेट' ही दोन क्रियापदंच माणसाला पुरून उरतात. पण आपण दोघंही परक्या घरात आहोत हे माहीत असलं की दोघंही पायाखाली बघून चालतात, हे त्यांचं निरीक्षण पटतं.

माझं स्वतःचं इंग्रजी पाटबंधारे खात्यातून आलं. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून, तेही बहुतेक मराठीतूनच शिकवलेलं. खरं इंग्रजी मी पाहिलं ते वडिलांच्या कचेरीतल्या पत्रांच्या कार्बन कॉप्यांमध्ये. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर अंडर रेफरन्स', 'आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट', आणि शेवटी हमखास 'काइंडली डू द नीडफुल'. निळसर, पुसट अक्षरं आणि त्या कागदाचा तेलकट वास. मला ते इंग्रजी फार भारदस्त वाटायचं. पुढे नोकरीत कुठल्याशा प्रशिक्षण संस्थेच्या बाई आल्या आणि पहिल्याच तासाला फळ्यावर हे वाक्य लिहून त्यावर काट मारली. जगात कुणी असं बोलत नाही, म्हणाल्या. 'प्रीपोन' गेला, 'आउट ऑफ स्टेशन' गेलं, 'आय हॅव अ डाउट' गेलं. आम्ही वहीत उतरवून घेतलं. काही महिन्यांनी ओसाकाच्या साहेबांचा मेल आला, इन्व्हॉइसमध्ये दुरुस्ती हवी होती, आणि शेवटी लिहिलेलं, 'प्लीज डू द नीडफुल.' आमच्याचकडून उचललं होतं त्यांनी! आम्ही सोडलं आणि त्यांनी धरलं.

ब्रज कचरू हे श्रीनगरात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवायचे. १९८५ साली त्यांनी जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिका-ऑस्ट्रेलिया, मधल्यात आपण, सिंगापूर, नायजेरिया वगैरे, जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि घरातलीच होऊन बसली. आणि बाहेरच्यात जर्मनी, जपान, ब्राझील, जिथे ती कामापुरती शिकतात. मधल्या वर्तुळातलं इंग्रजी म्हणजे आतल्या वर्तुळाचं बिघडलेलं इंग्रजी नव्हे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. हे वाचून त्या काट मारणाऱ्या बाईंवरचा माझा जुना राग थोडा सुखावला. पण रोजच्या कामात मला छळतो तो वेगळाच प्रश्न. माझं इंग्रजी चुकीचं नाही आणि तुमचंही नाही, हे मान्य. पण तुमच्या 'यस'चं मी काय करू?

कारण 'यस' हा फार घसरडा शब्द आहे. बर्मिंगहॅमहून विचारतात, "सो यू हॅवन्ट रिसीव्ह्ड द ड्रॉइंग?" आमचा डिझाइनचा मुलगा म्हणतो, "यस." त्याच्या डोक्यात मराठी चालू आहे: हो, नाही मिळालं. पलीकडचा माणूस ऐकतो: मिळालं. ओसाकाच्या साहेबांचा 'यस' मात्र आम्हाला बरोबर कळतो, कारण अशा उलट्या प्रश्नाला जपानीही आपल्यासारखंच 'हो' म्हणतात. त्यांचे काही 'यस' नुसते हुंकार असतात, म्हणजे 'ऐकतोय, पुढे बोला'. आणि 'वी विल स्टडी इट' म्हणाले की समजावं, नाही. आमच्या मार्केटिंगच्या एका उत्साही गृहस्थांनी असं एक 'वी विल स्टडी' थेट पुढच्या तिमाहीच्या अंदाजात घातलं होतं. मला हसू आलं ते याचं की हे गृहस्थ सदाशिव पेठेतले. वर्गणी मागायला आलेल्या पोरांना दारातूनच "बघू" म्हणणारे. ओसाकाचं 'बघू' त्यांना ओळखू आलं नाही, कारण ते इंग्रजीत होतं.

जर्मनांची तऱ्हा आणखी वेगळी. ते आडवळणाने बोलत नाहीत, पण त्यांच्या इंग्रजीखालून त्यांची जर्मन चालत असते. त्यांच्या 'एव्हेंटुएल'चा अर्थ 'कदाचित', म्हणून 'वी विल इव्हेंच्युअली ऑर्डर' असं त्यांनी लिहिलं की त्यांना म्हणायचं असतं, देऊही ऑर्डर, नाहीही. आम्ही वाचतो: उशिरा का होईना, देणार. 'यू मस्ट नॉट चेंज द फिक्श्चर' याचा अर्थ 'बदलायची गरज नाही' असू शकतो, कारण त्यांच्याकडे तसंच म्हणतात. आमचा टूलरूमचा माणूस तेच वाक्य वाचून फिक्श्चरला हात लावायला घाबरतो. आणि आकडे! ड्रॉइंगवर १,२५० मिमी लिहिलेलं असतं आणि तो असतो सव्वा मिलिमीटर, कारण त्यांचा स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. आम्ही कोटेशनमध्ये १,५०,००० लिहिलं की त्यांना वाटतं एक शून्य कुठेतरी गळलं. अब्जाचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्येच 'बिलियन' म्हणजे एकावर बारा शून्यं असं चालायचं. १९७४ मध्ये त्यांच्या सरकारने अमेरिकी हिशेब स्वीकारून ती नऊ केली. जर्मनांच्या 'बिलियोन'ला अजून बाराच आहेत.

पण खरं सांगू? यातलं काहीही मला फार भीतिदायक वाटत नाही. जर्मनाचं वाक्य कानाला खटकतं, जपानी साहेबांचा 'यस' फार लवकर येतो, आणि खटकलं की मी विचारते. भीती वाटते ती न खटकणाऱ्या गोष्टींची.

उदाहरणार्थ एफओबी, म्हणजे 'फ्री ऑन बोर्ड'. निर्यातीच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही तीन अक्षरं. आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्स १९३६ पासून व्यापारी अटींची जी यादी काढतं, त्या इन्कोटर्म्सप्रमाणे एफओबी न्हावा शेवा म्हणजे माल तिथे जहाजावर चढला की आमची जोखीम संपली. पण अमेरिकेत देशांतर्गत व्यवहारात हीच तीन अक्षरं पूर्वापार वेगळ्या तऱ्हेने वापरतात. तिथे 'एफओबी डेस्टिनेशन'सुद्धा असतं, म्हणजे माल पोहोचेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. तेव्हा मिशिगनच्या खरेदीदाराने ऑर्डरवर 'एफओबी' आणि पुढे आपल्या गोदामाचं गाव लिहिलं की दोघंही निर्धास्त असतात. आमचा सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, जहाज सुटल्यावर हात झटकतो, आणि कंटेनरमध्ये पाणी शिरल्याचं कळलं की दोन्हीकडून एकच करार दाखवला जातो. म्हणून आता आम्ही त्या तीन अक्षरांपुढे 'इन्कोटर्म्स २०२०' असं लिहिल्याशिवाय कागद बाहेर जाऊ देत नाही.

याहून जुनी गोष्ट मुंबईची आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे डोळे आपल्याकडच्या कापसावर लागलेले. अशात सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला: माल 'पीअरलेस' जहाजाने मुंबईहून येईल. करार स्वच्छ इंग्रजीत. घोटाळा एवढाच की पीअरलेस नावाची दोन जहाजं मुंबईहून सुटली होती, एक ऑक्टोबरात आणि दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याच्या मनात दुसरं. डिसेंबरच्या जहाजाचा माल आला तेव्हा घेणाऱ्याने तो नाकारला, भांडण कोर्टात गेलं आणि १८६४ मध्ये निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. मला त्यात राहून राहून दिसतो तो मुंबईचा धक्का. गाठी मोजणारे, हुंड्या लिहिणारे, गुजराती-मराठी-कोकणी-इंग्रजीची मिसळ बोलणारे ते लोक. त्यांच्यातल्या एकाला जरी विचारलं असतं तर त्याने उलट विचारलं असतं, "कुठलं पीअरलेस?"

आणि मग कोंबडीचा खटला. हा माझा सगळ्यात लाडका. १९५७ मध्ये एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून गोठवलेली कोंबडी मागवली. तारा बहुतेक जर्मनमध्ये गेल्या-आल्या, पण त्यात शब्द मात्र मुद्दाम इंग्रजी घातला, 'चिकन'. माल पोहोचला तर बऱ्याचशा म्हाताऱ्या, उकळत ठेवण्याच्या लायकीच्या कोंबड्या. खरेदीदार म्हणाला, आमच्या 'हून' या शब्दात कोवळी आणि जून दोन्ही येतात, म्हणूनच तर आम्ही इंग्रजी शब्द वापरला, त्याचा अर्थ कोवळी असाच होतो. विक्रेता म्हणाला, कोंबडी ती कोंबडी. १९६० मध्ये न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी निकालाची सुरुवातच केली: प्रश्न असा आहे की, चिकन म्हणजे काय? मग त्यांनी बाजारभाव तपासले, सरकारी नियम तपासले, धंद्यातले साक्षीदार ऐकले, आणि शेवटी खरेदीदाराला आपला अर्थ सिद्ध करता आला नाही म्हणून दावा फेटाळला. आपल्याकडे कुठल्याही दुकानात पहिला प्रश्न "बॉयलर की गावरान?" हाच असतो. तिथे तो प्रश्न कुणाला पडला नाही, कारण शब्द दोघांनाही येत होता.

बर्मिंगहॅमच्या साहेबांना शेवटी जर्मनानेच सांगितलं, जर्मन पद्धतीने, एका ओळीत: तुम्ही फार वेगाने आणि फार सुंदर बोलता, कृपया मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा. मला ते वाचून घाम फुटला. साहेबांनी मात्र मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. पुढच्या वेळेपासून क्रमांक घातलेली छोटी वाक्यं येऊ लागली. कॉल लवकर संपायला लागले. आणि ते कंटाळवाणे झाले. विकेट, पाऊस, त्यांच्या कुत्र्याच्या खोड्या, सगळं बंद. आमच्या सोयीसाठी त्या माणसाने स्वतःची भाषा अर्धी दाराबाहेर काढून ठेवली होती. मी तर जन्मभर इंग्रजीत अर्धीच बोलत आलेय, त्यामुळे त्याची फार कीव करावीशी वाटत नाही. तरी थोडी वाटतेच.

आणि आपण काय निराळे आहोत? आमच्या शॉप फ्लोअरवर चालते ती चाकणची हिंदी. ओडिशाचा ऑपरेटर, बीडचा सेटर, बिहारचा हेल्पर, सगळे तिच्यात. 'वो जॉब उलटा पकडा तो रिजेक्शन आएगा' एवढ्यात काम होतं. मध्यंतरी कानपूरकडचे एक सुपरवायझर आले, अस्सल, गोड, म्हणी-मुहावऱ्यांची हिंदी. बीडचा पोरगा मान डोलावायचा आणि मग ओडियाला जाऊन विचारायचा, "क्या बोला रे?" मी त्या सुपरवायझरना बाजूला घेऊन समजावलं. त्याच संध्याकाळी कँटीनमध्ये तो ओडिया मुलगा माझ्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता, आणि मी त्याला माझ्या नेहमीच्या वेगात, नेहमीच्या खोचक मराठीत उत्तरं देत होते. तो हसून "हो मॅडम" म्हणत होता. कसल्या प्रकारचं 'हो' ते, मला ओळखता यायला हवं होतं.

शतकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईत कॉल सेंटर्स निघाली तेव्हा ओळखीतल्या मुलांना रात्रभर 'आर' घोळवायला शिकवायचे, टेलिफोनवर नावंही बदलायचे. आता ते काम सॉफ्टवेअर करतं. बोलणारा नागपुरी ढंगात बोलतो आणि ऐकणाऱ्याला अमेरिकी उच्चार पोहोचतात. लोकांना यात सोय दिसते, आणि फोनवर शिव्या खाणाऱ्या पोरांचा त्रास कमी होत असेल तर माझी तक्रार नाही. पण समोरचा परका आहे हे ऐकू आलं की माणूस सावध होतो, दोनदा विचारतो. उच्चार गुळगुळीत केला की तो सावधपणाही पुसला जातो. मेलचं तर ते होऊनच गेलंय. श्टुटगार्ट, ओसाका, चाकण, सगळीकडून आता एकाच वळणाचं, इस्त्री केलेलं इंग्रजी येतं. पूर्वी 'इव्हेंच्युअली' वाचलं की मी ओळखायचे, याला 'कदाचित' म्हणायचंय. आता यंत्र ते वाक्य दुरुस्त करून पाठवतं, पण कुठल्या अर्थाकडे दुरुस्त केलं ते मला कसं कळणार?

परवाचीच गोष्ट. भोसरीला आमचे प्लेटिंगचे जॉबवर्कवाले आहेत, जुने, सचोटीचे गृहस्थ. त्यांचे मेल एरवी म्हणजे 'मटेरियल रेडी मॅडम, वेहिकल सेंड करा' अशी मराठी-इंग्रजीची खिचडी. परवा आला तो सरळ साहेबी मेल: वी आर कॉन्फिडंट दॅट द कन्साइनमेंट विल बी डिस्पॅच्ड बाय ट्यूझडे. मी तो तसाच ओसाकाला पाठवणार होते. कर्सर बटणावर होता. मग म्हटलं, एक फोन करावा.

"काका, मेल तुम्ही लिहिला का?"

"पोरानं लिहिला मॅडम. मोबाइलवर मराठीत बोललं की तो आपोआप करून देतो. भारी आहे. का, काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. तुम्ही मराठीत काय बोलला होता?"

"हेच, की रेक्टिफायर बंद पडलाय, माणूस येतो म्हणालाय, आला तर मंगळवारी माल निघेल असं वाटतं. बाकी आपल्या हातात काय आहे?"

ओसाकाला मी स्वतःच मेल लिहिला. मशीन बंद आहे, मेकॅनिकची वाट बघतोय, मंगळवार 'मे बी', गुरुवार 'शुअर'. व्याकरण तपासायचं बटण दाबलं नाही. साहेबांचं उत्तर अर्ध्या तासात आलं: 'थर्सडे इज ओके. ट्यूझडे आय डोन्ट टेल माय बॉस.'